‘डी-डे’मधला ‘डी’ कशाचा?

परीक्षेच्या निकालाच्या बातमीतही हल्ली ‘डी-डे’ भेटतो. त्यातला ‘डी’ म्हणजे ‘डिसिजन’ असं अनेकांना वाटतं. खरं उत्तर साधं आहे: ‘डी’ हे ‘डे’चंच, म्हणजे हल्ल्याच्या दिवसाचं, आद्याक्षर, आणि हल्ल्याची वेळ सांगणाऱ्या ‘एच-अवर’मधला ‘एच’ हा ‘अवर’चा. फ्रेंचही याच धर्तीवर ‘जूर जी’ म्हणतात.

पहिल्या महायुद्धातल्या ७ सप्टेंबर १९१८च्या एका अमेरिकी लष्करी आदेशात ही अक्षरं आढळतात. तो आदेश फ्रान्समधल्या सँ-मिएलवरच्या हल्ल्याचा होता; हल्ला १२ सप्टेंबरला झाला.

या अक्षरांची खरी करामत नियोजनात दिसते. आदल्या दिवसाची कामं ‘डी उणे एक’खाली, तीन दिवसांनंतर उतरायचा दारूगोळा ‘डी अधिक तीन’खाली. त्यामुळे कागद शत्रूच्या हाती पडला तरी तारीख फुटत नाही. आणि तारीख बदलली तरी सगळा आराखडा पुन्हा लिहावा लागत नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं. १९४४ साली नॉर्मंडीत नेमकं तेच घडलं. दोस्त राष्ट्रांची चढाई ५ जूनला ठरली होती. खराब हवामानामुळे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी ती २४ तास पुढे ढकलली. हजारो जहाजं, दीड लाखांवर सैनिक, पण ‘डी’ फक्त ५ वरून ६ वर सरकला.

‘एच’ मात्र सगळीकडे एक नव्हता. भरती किनाऱ्यागणिक वेगळ्या वेळी चढते, म्हणून अमेरिकी तुकड्या साडेसहाला उतरल्या, ब्रिटिश आणि कॅनेडियन सुमारे तासाभराने.