डर्बनची गोळी, नवापूरचा किनारा

दोन देशांचे संबंध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राष्ट्रपती भवनाचे प्रांगण येते. तोफांची सलामी, हारतुरे, करारावर सह्या आणि मग छायाचित्रकारांसाठी जरा लांबवलेले हस्तांदोलन. मला मात्र 'भारत आणि दक्षिण आफ्रिका' असे शब्द वाचले की ड्रम आठवतात. तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याच्या डिस्पॅच खात्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पांढऱ्या पुडीने भरलेले ड्रम, त्यांवर बॅच नंबर, निव्वळ वजन आणि खाली बंदराचे नाव. मी नोकरीला लागलो तेव्हा निर्यातीच्या कागदांवर दक्षिण आफ्रिकेचे नाव चालत नसे. १९९३ नंतर ते चालू लागले आणि ड्रमवर 'डर्बन' ही अक्षरे उमटली. ते नाव का चालत नव्हते आणि का चालू लागले, याची कथा मोठी आहे. तिचा शेवट आपल्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर होतो, म्हणून ती आपल्याला ठाऊक असावी.

कथेची सुरुवात १९४६ सालची. आपण अजून स्वतंत्र व्हायचे होतो. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्या वर्षी एक कायदा करून तेथील भारतीयांच्या जमीन खरेदीवर आणि राहण्याच्या जागांवर निर्बंध घातले. तेथील भारतीयांनी त्याला 'घेट्टो कायदा' असे नाव दिले. ही माणसे कोण होती? १८६० पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्यांची मुले-नातवंडे आणि त्यांच्यामागून गेलेले व्यापारी. केपटाऊनमध्ये तर आपल्या रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान कुटुंबेही स्थायिक झाली होती. भारताने आपला उच्चायुक्त परत बोलावला आणि जुलै १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. असे करणारा भारत हा जगातला पहिला देश.

हा निषेध फुकटचा नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे. आपल्या एकूण निर्यातीपैकी ५ टक्क्यांच्या आसपास माल त्या काळी तिकडे जात होता. त्यात मुख्य होती तागाची पोती. तेथील शेतकऱ्याचे धान्य आपल्या पोत्यांत भरले जाई. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या गरीब देशाने हे गिऱ्हाईक आपण होऊन सोडले. त्याच वर्षी विजयालक्ष्मी पंडितांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला आणि डिसेंबरात ठराव संमत करून घेतला. पुढची चाळीसहून अधिक वर्षे भारतीय पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेसाठी चालत नसे. क्रिकेटप्रेमी वाचकांना नोव्हेंबर १९९१ मधला ईडन गार्डन्सचा सामना आठवत असेल. एकवीस वर्षांच्या बहिष्कारानंतर दक्षिण आफ्रिकेचा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो आपल्याकडे. नोव्हेंबर १९९३ मध्ये राजनैतिक संबंध रीतसर पुन्हा जुळले आणि १९९५ च्या प्रजासत्ताकदिनी राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला प्रमुख पाहुणे म्हणून दिल्लीत आले.

स्वातंत्र्य मिळाले, पण मंडेलांच्या देशाला त्याच वेळी एका आजाराने विळखा घातला होता. एचआयव्हीने तेथे लक्षावधी माणसे ग्रासली. आजही जगात सर्वाधिक एचआयव्हीबाधित दक्षिण आफ्रिकेतच आहेत. त्यांची संख्या ७५ लाखांहून अधिक आहे. तीन औषधांच्या एकत्र उपचाराने रुग्ण वर्षानुवर्षे जगू शकतो हे १९९६ पर्यंत सिद्ध झाले होते. अडचण किमतीची होती. एका रुग्णाचा वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलर! खाणीतल्या मजुराने तो कोठून करावा? मंडेला सरकारने १९९७ मध्ये स्वस्त औषधे आणण्याची वाट मोकळी करणारा कायदा केला. लगेच १९९८ मध्ये सुमारे ४० औषध कंपन्या त्याविरुद्ध प्रिटोरियाच्या न्यायालयात गेल्या. प्रतिवादींत खुद्द मंडेलांचे नाव होते.

येथे आपल्या देशातला एक जुना कायदा कामी आला. १९७० चा पेटंट कायदा. त्याने औषध या पदार्थावर पेटंट देणे बंद केले. पेटंट मिळे ते फक्त औषध बनवण्याच्या पद्धतीवर. म्हणजे तेच औषध वेगळ्या रीतीने बनवता आले तर बनवण्याची मुभा. आपल्या रसायनतज्ज्ञांनी या मुभेचे सोने केले. १९३५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सिप्ला'चे प्रमुख डॉ. युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये जाहीर केले की, एड्सवरचा तीन औषधांचा वर्षभराचा उपचार 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ. दिवसाला एक डॉलरहून कमी! जगभर खळबळ उडाली. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी प्रिटोरियातला दावा मागे घेतला.

अर्थात स्वस्त गोळीने सारे आपोआप साधले असे नाही. मंडेलांनंतर आलेले थाबो म्बेकी यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच पटत नव्हते. तेथील रुग्णांच्या संघटनेला आपल्याच सरकारविरुद्ध घटना न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे औषध सरकारी दवाखान्यांत पोहोचू लागले. पण ते मागण्याची हिंमत आली ती किंमत आवाक्यात आल्यामुळे, हे कोण नाकारील?

आता वळू या बोईसरकडे. गोळीतला गुण ज्या पुडीत असतो तिला आमच्या धंद्यात 'बल्क ड्रग' म्हणतात. बाकी सगळे मिश्रण, वेष्टन आणि छपाई. तारापूर ही अशा बल्क ड्रगची मोठी वसाहत. क्षयरोगाच्या औषधांसाठी जगभर ओळखली जाणारी ल्युपिन, जंतुसंसर्गावरची औषधे बनवणारी आरती ड्रग्ज, अशांचे कारखाने येथे आहेत. शिवाय नावे कुणाला ठाऊक नाहीत असे कितीतरी लहान कारखाने. इथली पूड कधी थेट परदेशी जाते, कधी देशातल्याच गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यांत जाते आणि तेथून आफ्रिकेच्या दवाखान्यात. आमच्या ड्रममधली पूड कुठल्या रोग्याच्या पोटात गेली हे मला कधी कळले नाही. पण ती गेली आणि तिने गुण दिला, याचा अभिमान माझ्यासारख्या शेकडो कामगारांना आहे.

मात्र बल्क ड्रग बनवणे म्हणजे गोळ्या बनवणे नव्हे. एका पदार्थाचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा अशा पायऱ्या चढत जावे लागते आणि दर पायरीला द्रावके, आम्ले, धुण्याचे पाणी मागे उरते. औषधधंद्यात एक किलो मालामागे २५ ते १०० किलो टाकाऊ माल निघतो, असा रसायनशास्त्रज्ञांचा ठोकळ हिशेब आहे. माल डर्बनला जातो. उरलेले जाते कोठे?

रीतीप्रमाणे ते आधी कारखान्यात, मग सामाईक प्रक्रिया केंद्रात शुद्ध व्हावे आणि नळातून नवापूरच्या समुद्रात जावे. प्रत्यक्षात केंद्राची क्षमता वर्षानुवर्षे अपुरी पडली आणि रात्रीच्या अंधारात नाल्यात काय सुटते, हे नाल्याकाठच्या माणसाला नाकाने कळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत तारापूर देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक वसाहतींत पहिले आले. १०० पैकी ९३.६९ गुण! असे 'गुण' कुणाला हवेत? अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्यांना भरपाईचा आदेश दिला. जिवांचा हिशेब वेगळाच. जानेवारी २०२० मध्ये वसाहतीतील स्फोटात आठ जण गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषध कारखान्यातील वायुगळतीने चार कामगारांचा बळी घेतला.

बोईसरच्या बाजारात आमची ठरलेली मासेवाली आहे. एकदा मी सहज विचारले, "मावशी, बोंबील खाडीचे की बाहेरचे?" ती हसून म्हणाली, "दादा, खाडीचं नाव काढू नका. खाडीत आता तुमच्या कंपनीचं पाणी. हे लांबच्या बोटीचे." तिच्या बोलण्यात राग नव्हता; तिचा मुलगाही एमआयडीसीतच कामाला जातो. हीच तर इथली खरी गाठ आहे. बाप जाळे टाकतो त्या पाण्यात मुलाच्या कारखान्याचे सांडपाणी येते, आणि घर दोघांच्या कमाईवर चालते. कारखाने बंद करा, असे म्हणणे मुंबईत सोपे असेल, नवापूर-दांडीत नाही.

मग उपाय काय? माझ्या मते प्रश्न किमतीचा आहे. गोळी स्वस्त झाली त्यात आपल्या रसायनतज्ज्ञांची हुशारी आहे, कामगारांची मेहनत आहे. पण थोडा भाग न भरलेल्या बिलाचाही आहे. पाणी पुरते शुद्ध करण्याचा खर्च जो कारखानदार प्रामाणिकपणे करतो, त्याचा माल चार पैशांनी महाग पडतो आणि निविदेत तो मागे पडतो. दक्षिण आफ्रिकेच्या २००० सालच्या सरकारी खरेदी कायद्याने मोठ्या कंत्राटांत १०० पैकी ९० गुण केवळ किमतीला दिले. आपल्या सरकारी खरेदीतही सर्वांत कमी दराचेच राज्य चालत आले आहे. वर चिनी मालाची स्पर्धा आहेच. अशा बाजारात न भरलेले बिल खाडीच्या खात्यावर चढते.

हे बदलणे अशक्य आहे काय? याच दोन देशांनी ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे एकत्र प्रस्ताव ठेवला की, कोविडच्या लशी आणि औषधांवरचे पेटंटचे बंधन साथीपुरते सैल करा. श्रीमंत देशांनी दीड वर्ष चालढकल केली आणि जून २०२२ मध्ये लशींपुरती तुटपुंजी सवलत पदरात पडली. तरी जगाशी एकत्र भांडण्याची सवय या दोघांना आहे, हे त्यातून दिसले. मग औषधाच्या खरेदीत सांडपाण्याच्या शुद्धीलाही गुण असावेत, असा करार दिल्ली आणि प्रिटोरिया का करू शकणार नाहीत? एका गोळीमागे वाढणारे पैसे हजारो रुग्णांत वाटले जातात. बुडालेली खाडी मात्र मोजक्या गावांच्या वाट्याला येते.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेत कलम २७ आरोग्यसेवेचा हक्क देते आणि त्याच्या तीनच कलमे आधी, कलम २४ मध्ये, आरोग्याला घातक नसलेल्या पर्यावरणाचा हक्क दिला आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगून ठेवले आहे की, जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त हवा-पाणी येते. म्हणजे दोन्ही देशांच्या लेखी डर्बनच्या रोग्याला औषध मिळणे आणि नवापूरच्या मांगेल्याला स्वच्छ पाणी मिळणे हे दोन्ही हक्कच आहेत. १९४६ मध्ये याच देशाने तत्त्वासाठी पोत्यांचा धंदा सोडला होता. आज धंदा सोडायचा नाही. फक्त त्याचे बिल पुरते भरायचे आहे.