"गोठ्यात पाय घसरला" असे ती म्हणाली तर



एरवी मी तुमच्याशी बी-बियाणे, खत आणि किडीविषयी बोलतो. आज घराविषयी बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी हिंगोली जिल्ह्यात, वसमतकडच्या एका गावी, हळदीचे बेणे कसे निवडावे यावर बायकांची बैठक होती. एक सून हाताला फडके बांधून आली. विचारले तर म्हणाली, "गोठ्यात पाय घसरला." बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. खरे काय ते सगळ्यांना ठाऊक होते. मीही बेण्याची माहिती सांगून जीपमध्ये बसलो. ते गप्प बसणे मला आजही सलते.

१९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा ही नवविवाहिता लग्नानंतर चार महिन्यांत विषाने मरण पावली. सासरी होणारी घुसमट तिने बहिणीला व मैत्रिणीला पत्रांतून कळवली होती. खालच्या न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. हा खून की आत्महत्या, हा संशय फिटला नाही. बंद दाराआड काय घडले हे गेलेली बाई सांगू शकत नाही. म्हणून कायद्याकडे जायचे ते ती हयात असताना, आणि लवकर.

कायदा काय देतो?

सासरच्या छळाला शिक्षा देणारे ४९८-अ हे कलम १९८३ साली आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

पण पुष्कळ बायकांना नवरा तुरुंगात जायला नको असतो, मार थांबायला हवा असतो. त्यांच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. नुसता मारच नव्हे, तर शिवीगाळ, जबरदस्ती, तिची मजुरी किंवा स्त्रीधन काढून घेणे हेही त्यात येते. पत्नीबरोबरच घरातली आई, बहीण, विधवा सूनही दाद मागू शकते.

न्यायदंडाधिकारी मार थांबवण्याचा, खर्चाचा व मुलांच्या ताब्याचा आदेश देऊ शकतात. तिला घराबाहेर काढू नये, असाही आदेश देता येतो. "घर सासऱ्याच्या नावावर आहे, चालती हो" हे बोलणे चालत नाही. सासऱ्याच्या मालकीच्या घरातही सुनेला राहण्याचा हक्क असू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. संरक्षणाचा आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत व निकाल साठ दिवसांत व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कोर्टात वेळ लागतो, तरी तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो.

कोठे जावे?

महिला व बाल विकास विभागाचे संरक्षण अधिकारी अर्ज लिहून देण्यास मदत करतात. पोलिसांसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे फोन आहेत. विधी सेवा समिती स्त्रीला वकील फुकट देते. उत्पन्नाची अट नाही. लागले असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवावे, कसे लागले ते खरे सांगावे आणि कागद माहेरी किंवा विश्वासाच्या बाईकडे ठेवावा.

शेजाऱ्यांनाही एक सांगतो. प्रामाणिकपणे खबर देणाऱ्यावर या कायद्याने जबाबदारी येत नाही. आणि माहेरच्यांनो, "आता तेच तुझे घर" म्हणून लेकीला परत धाडण्याआधी तिचे दोन शब्द ऐका.

आपल्या पिकावर कीड दिसली की शेजारचा शेतकरी बांधावरून हाक मारतो. उद्या ती त्याच्याही रानात येईल हे त्याला कळते. घरातल्या माराचेही तसेच आहे. जे लेकरू आज पाहते, तेच उद्या शिकते.

पुढच्या बैठकीत कुणी "पाय घसरला" म्हणाली, तर मी लगेच जीपमध्ये बसणार नाही. तुम्हीही मान खाली घालू नका.