वाट, उतार आणि चाक

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात, मंचरच्या पूर्वेला निरगुडसर हे गाव आहे. घोड आणि मीना या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश. ऊस, कांदा आणि बटाट्याची शेते, शेतांमधून जाणाऱ्या पाणंदी, ओढ्याकाठची झाडी, मधूनच मुरमाड माळ आणि टेकाडे. पश्चिमेकडे सरकत गेलो की घोडेगाव, डिंभे धरण आणि पुढे भीमाशंकरचे दाट जंगल लागते. हौशी सायकलस्वारांना डोंगरी सायकल, म्हणजे माउंटन बाइक चालवायला अशाच वाटा हव्या असतात. पण गावातल्या मुलांना या वाटा नव्या नाहीत. अनेक मुले त्याच वाटांवरून साध्या सायकलीने शाळेत येतात. म्हणून या विषयाकडे केवळ खेळ म्हणून न पाहता, वाट, उतार, चाक आणि पाणी यांचा परस्परसंबंध म्हणून आपण पाहू. यात दहावीपर्यंतचे भौतिकशास्त्र आणि भूगोल पुरेपूर आहे.

चढ आणि दात्यांचे गणित

माउंटन बाइकचा जन्म १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यात झाला. तेथील तरुण जुन्या, जाड टायरच्या, जड सायकली डोंगरावर नेत आणि कच्च्या रस्त्याने वेगात खाली येत. १९७६ साली त्यांची पहिली शर्यत झाली. तिचे नाव ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे. सुमारे ४०० मीटर खाली उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक खेपेनंतर ते नव्याने भरावे लागे. हिशोब करून पाहा. स्वार आणि सायकल मिळून ९५ किलोग्रॅम वस्तुमान धरले, तर ४०० मीटर उंचीची स्थितिज ऊर्जा सुमारे ३ लाख ७० हजार ज्यूल होते. एवढ्या ऊर्जेत ३० अंश सेल्सिअसचे सव्वा लिटर पाणी उकळीला येईल. हवेच्या विरोधात काही ऊर्जा खर्च होते. उरलेली बहुतेक ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते.

उतरण्यापेक्षा चढण्याचा प्रश्न वेगळा. आपल्याकडच्या साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते आहेत असे समजू. चाकाचा परीघ २.२ मीटर. पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. वाटेचा चढ १० टक्के, म्हणजे १०० मीटरला १० मीटर असेल, तर प्रत्येक फेरीत आपण ५४ सेंटिमीटर वर चढतो. एकूण वस्तुमान ७५ किलोग्रॅम असेल तर यासाठी जवळजवळ ४०० ज्यूल कार्य करावे लागते. पायडलचा दांडा १७ सेंटिमीटर लांब असल्याने पाऊल एका फेरीत सुमारे १.०७ मीटर फिरते. म्हणजे पायाने सरासरी ३७० न्यूटन, साधारण ३८ किलो वजनाइतका जोर सतत लावायला हवा. मुले अशा चढावर उतरून सायकल हाताने ढकलतात, त्याचे कारण हे आहे.

डोंगरी सायकलीत पुढे २२ आणि मागे ३४ दात्यांची जोडी घेतली, तर एका फेरीत सायकल फक्त १.४ मीटर जाते आणि लागणारा सरासरी जोर ९ ते १० किलोवर येतो. एकूण कार्य तेवढेच राहते. ते अधिक फेऱ्यांत वाटले जाते. तरफ आणि उतरण शिकवताना जो नियम आपण सांगतो, तोच येथे आहे: जोर वाचवला की अंतर वाढते.

चाक मातीला काय करते?

चाकाचा जमिनीला टेकलेला भाग लहान असतो. त्याचे क्षेत्रफळ ढोबळमानाने चाकावरचा भार भागिले हवेचा दाब एवढे असते. मागच्या चाकावर ४५ किलो भार आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो दाब असेल, तर चाक जेमतेम १३ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते. दाब दोन किलोवर आणला तर ही जागा साडेबावीस चौरस सेंटिमीटर होते. म्हणून डोंगरी सायकलीचे टायर रुंद असतात आणि त्यांत हवा कमी ठेवतात. पकड वाढते आणि माती कमी दबते.

मग सायकलींमुळे वाटा अधिक झिजतात का? अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या जंगलवाटांवर विल्सन आणि सेनी या अभ्यासकांनी याचे प्रयोग केले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ओल्या वाटेवर घोड्यांच्या खुरांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी झाली. सर्वांत जास्त माती घोड्यांमुळे सुटली. फिरणारे चाक माती दाबते. पाऊल मात्र टेकताना आणि उचलताना ती उकरते.

तरीही एक फरक ध्यानात ठेवायला हवा. पावलांचे ठसे सुटेसुटे असतात. चाकाचा चर सलग असतो, आणि उतारावरचा सलग चर म्हणजे पाण्यासाठी तयार नाली. ब्रेक करकचून दाबून चाक घसरवले तर हा चर आणखी खोल जातो. ओल्या काळ्या मातीत तर चाक घालूच नये. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरला लपेटते आणि सुकल्यावर त्याच चरांसह कडक होते. मुरमाड वाट पावसानंतर लवकर वापरण्याजोगी होते.

खरा कारागीर पाणी

वाट खाणारे मुख्य साधन चाक नव्हे, पावसाचे पाणी आहे. उतार चौपट झाला तर, खोली तेवढीच असताना, पाण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. आणि वाहत्या पाण्याने ढकलल्या जाणाऱ्या दगडाचे वजन वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. दोनचा सहावा घात ६४. म्हणजे ५ टक्के उतारावर जे पाणी १० ग्रॅमचा खडा हलवते, ते २० टक्के उतारावर ६४० ग्रॅमचा धोंडा हलवू शकते. सरळ टेकडीच्या माथ्याकडे जाणारी वाट दोन-तीन पावसाळ्यांत घळीसारखी का दिसू लागते, ते यावरून समजेल.

या तालुक्यात उतार आणि पाण्याचा हिशोब पुस्तकापुरता राहत नाही. ३० जुलै २०१४ रोजी तालुक्याच्या पश्चिम भागातील माळीण गावावर अतिवृष्टीनंतर डोंगराचा कडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. पायवाटेची झीज आणि दरड कोसळणे या फार वेगळ्या प्रमाणावरच्या घटना आहेत. पण दोन्हींत प्रश्न एकच विचारावा लागतो: उतारावर पडलेले पाणी कोठून आणि कसे जाणार?

वाट कशी आखावी?

माउंटन बाइकच्या वाटा आखणारे एक सोपा नियम पाळतात. वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा. डोंगराचा उतार २० टक्के असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत. कारण चढ त्याहून वाढला की पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेवरूनच धावू लागते. त्रिकोणमितीच्या भाषेत, वाटेचा चढ म्हणजे डोंगराचा उतार गुणिले दोन दिशांमधील कोनाचा कोसाइन. ६० अंशांचा कोसाइन अर्धा असतो. म्हणजे सर्वाधिक उताराच्या दिशेशी वाटेने निदान ६० अंशांचा कोन करायला हवा.

आणखी दोन युक्त्या आहेत. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवतात, म्हणजे पाणी वाटेवर साचत नाही. आणि उतरत्या वाटेत ठरावीक अंतरावर छोटासा उलट चढ देतात. तेथे पाणी बाहेर पडते व त्याचा वेग मोडतो. पाणलोट विकासात डोंगरावर खणलेले समपातळी चर आपल्या परिचयाचे आहेत. तत्त्व तेच आहे: पाण्याला लांब धावू द्यायचे नाही.

तीव्र चढ टाळताच येत नसेल तर? जुन्नरजवळचा नाणेघाट पाहावा. सातवाहन काळापासूनच्या या व्यापारी मार्गावर चढाच्या भागात दगड बसवलेले आहेत. दगड माती धरतात आणि पायऱ्यांमुळे पाण्याचा वेग तुटतो. याच्या दुसऱ्या टोकाला डिंभे धरणाचे कालवे आहेत. कालव्याला अगदी अल्प उतार लागतो, म्हणून तो समपातळी रेषेला धरून वळत जातो आणि त्याच्या काठचा रस्ताही तसाच. नकाशावरची समोच्च रेषा विद्यार्थ्यांना समजत नसेल, तर कालवा दाखवावा. मात्र कडेला खोल वाहते पाणी असते. सायकल शिकण्याची ती जागा नव्हे.

पाणंदीचे दुखणे उलट आहे. ती शेतांच्या बांधांमधून सरळ जाते. वर्षानुवर्षांच्या वापराने तिची पातळी शेतांपेक्षा खाली गेली, की पावसाळ्यात तिचा ओढा होतो आणि मुलांची शाळेची वाट बंद पडते. येथे केवळ मुरूम टाकून भागत नाही, आधी पाण्याला बाजूने वाट काढून द्यावी लागते. कडेची झाडी तोडू नये. ज्या निरगुडीचे नाव या गावाच्या नावात ऐकू येते, ते झुडूप ओढ्याकाठी सहज वाढते आणि मुळांनी काठाची माती धरून ठेवते.

वाट फक्त आपली नाही

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. शेकरूचे हे घर. तेथे वनखात्याच्या परवानगीखेरीज सायकल नेऊ नये आणि नवी वाट तर पाडूच नये. देवरायांबाबतही हेच. पूर्वेकडच्या उसात बिबट्यांचा वावर आहे आणि जुन्नर वनविभागात माणसांवर हल्लेही झाले आहेत. म्हणून उसाकडेच्या वाटेने उजाडल्यावर जावे, अंधार पडण्याआधी परतावे, एकट्याने जाऊ नये आणि घंटी वाजवत जावे. शाळेच्या वेळा ठरवतानाही हे ध्यानात ठेवणे योग्य ठरेल.

शाळेसाठी प्रयोग

शाळेजवळची एक उताराची वाट निवडा. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात त्या पारदर्शक नळीत पाणी भरून १० मीटर अंतरातील उंचीचा फरक मोजा. तो एक मीटर आला तर चढ १० टक्के. मग वाटेच्या दोन्ही बाजूंना पक्क्या खुंट्या ठोका, दोरी ताणा आणि दर १० सेंटिमीटरवर दोरीपासून जमिनीची खोली नोंदवा. हे मोजमाप मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये करा.

समजा, ५० सेंटिमीटर रुंदीच्या वाटेची खोली सरासरी ६ सेंटिमीटरने वाढली. म्हणजे दर मीटर लांबीला ०.०३ घनमीटर, आणि १०० मीटरला ३ घनमीटर माती गेली. ही एक ब्रासहून थोडी जास्त, वजनाने चार टनांच्या घरात. ती कोठे गेली, हे विद्यार्थ्यांनी ओढ्यापर्यंत चालत जाऊन शोधावे. वेगवेगळ्या चढांच्या तीन वाटा मोजल्या तर आलेख काढता येईल. हा आलेख ग्रामसभेत मांडला, तर कोणत्या पाणंदीची दुरुस्ती आधी करायची, हे ठरवायला गावाला त्याचा उपयोग होईल.