मॉरिशस बेट : तेथील गांवें आणि हवापाणी

आमचें डोणगांव विषुववृत्ताच्या उत्तरेस वीस अंशांच्या किंचित् पलीकडे आहे, आणि मॉरिशस बेट दक्षिणेस जवळजवळ तितक्याच अंतरावर आहे. शाळेंत भूगोल शिकवितांना ही गोष्ट मीं मुलांस नकाशावर अनेकदां दाखविली होती. परंतु ज्येष्ठ चिरंजीव नोकरीनिमित्त तिकडे गेले, आम्हां उभयतांस त्यांचें बोलावणें आलें, आणि ऐन ज्येष्ठांत प्रवासाची तयारी करतांना मास्तर आपलाच धडा विसरले! वऱ्हाडची काहिली अंगांत मुरलेली. लोंकरीचें एकहि वस्त्र आम्हीं बरोबर घेतलें नाहीं. मुंबईहून विमान सहा-साडेसहा तासांत तेथें पोंचतें. घड्याळ दीड तास मागें करावें लागतें. ऋतु मात्र सहा महिने सरकलेला असतो.

तेथें नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि जून ते सप्टेंबर हिवाळा. मकरसंक्रांत भर उन्हाळ्यांत येते, गणेशचतुर्थी थंडीच्या अखेरीस. उन्हाळ्याचे कांहीं आठवडे सोडले तर मध्यान्हींचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून घराची उत्तरेची बाजू उबदार आणि दक्षिणेची गार. रात्रीं त्रिशंकु आकाशांत चांगला वर चढलेला दिसतो, सप्तर्षि उत्तरेच्या क्षितिजाजवळ उलटे लोंबतात, आणि ध्रुव तर मुळींच दिसत नाहीं. विवाहांत वधूला ध्रुव दाखवावयाचा कसा, असें मीं तेथील एका वृद्ध पुरोहितांस विचारलें. उत्तरेकडे बोट दाखवून मंत्र म्हणतों, तारा समुद्राखालीं असला तरी आहे तेथेंच आहे, असें त्यांनीं सांगितलें. माझें समाधान झालें.

बेट लहान आहे. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ एकोणीसशें चौरस किलोमीटरहून कमीच भरेल. पण हवा गांवागणिक बदलते. याचें कारण वारा आणि उंची. आग्नेयेकडून वर्षभर वाहणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर चढतात व तेथें पाणी टाकतात. पठारावर कांहीं ठिकाणीं वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर हजारहि पडत नाहीं. आमच्या बुलढाण्याचा पाऊस साधारण आठशें. म्हणजे पश्चिम किनारा पावसाच्या हिशेबानें आमचा सोयरा ठरतो.

राजधानी पोर्ट लुई बंदराच्या कांठीं, डोंगरांच्या कुशींत आहे. डोंगर वारा अडवितात, त्यामुळें उन्हाळ्यांत तेथें फार उकडतें. तेथून सुमारें वीस किलोमीटरवर, साडेपांचशें मीटर उंचीवर क्यूरपीप आहे. चिरंजीवांचें बिऱ्हाड तेथेंच होतें. जूनमध्यें तेथें रात्रीं पंधरा अंशांच्या आसपास उतरतें. आंकडा ऐकून कोणी म्हणेल, यांत काय विशेष? पण ती थंडी ओली असते. धुतलेलें लुगडें तीन दिवस वाळत नाहीं, मिठाला पाणी सुटतें, पापड मऊ पडतात. सौभाग्यवतीस दम्याचा जुना विकार आहे. आठ दिवसांत तिला बसून रात्री काढाव्या लागल्या, आणि आपण येथें येऊन चूक केली असें आम्हां दोघांसहि वाटूं लागलें.

तेथील एका शेजाऱ्यांनीं सल्ला दिला, ‘‘खालीं क्वात्र बोर्नला उतरा.’’ केवळ दहा-बारा किलोमीटरचें अंतर; परंतु बिऱ्हाड हलविलें आणि पांचव्या दिवशीं तिनें स्वतः स्वयंपाकघर ताब्यांत घेतलें. क्वात्र बोर्न व रोझ हिल हीं गांवें उंचीनें मधलीं. तेथें ऊन मिळतें आणि उकडतहि नाहीं. वृद्धांनीं हीं गांवें लक्षांत ठेवावीं. आग्नेय किनाऱ्यावरील माहेबूर सुंदर आहे, पण वारा तोंडावर येतो. पोर्ट लुईहून क्यूरपीपपर्यंत 2022 पासून मेट्रोगाडी जाते, त्यामुळें एकाच सकाळीं दोन्ही हवा अनुभवतां येतात.

क्यूरपीपची वाढ मुळांत तापाच्या भीतीनें झाली. 1866 ते 1868 या काळांत बेटावर हिंवतापाची भयंकर सांथ आली आणि हजारों माणसें दगावलीं. ज्यांस परवडलें ते पोर्ट लुई सोडून थंड पठारावर राहावयास गेले. पठारावर जाणारी आगगाडी 1865 मध्येंच सुरू झालेली होती. गिरमिटिया मजुरांस मात्र मळे सोडतां येत नव्हते. 1834 पासून हिंदुस्थानांतून साडेचार लाखांहून अधिक माणसें तेथें नेलीं गेलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणचे मराठी लोकहि होते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या अद्याप शाबूत आहेत. त्या चढतांना मीं नकळत जोडे काढले.

उंसाच्या शेतांतून ठिकठिकाणीं काळ्या दगडांच्या प्रचंड राशी दिसतात. जमीन लागवडीस आणण्यासाठीं मजुरांनीं वेंचलेले हे दगड. त्यांचा रंग आमच्या शेताच्या बांधांसारखाच, आणि तें साम्य केवळ वरवरचें नाहीं. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनचा काळा पाषाण ज्या भूगर्भस्थ उष्ण स्रोतांतून बाहेर आला, त्यांतूनच पुढें हें बेट निर्माण झालें, असें भूशास्त्रज्ञांचें मत आहे. क्यूरपीपजवळचें ‘त्रू ओ सेर्फ’ हें गोल विवर पाहून सौभाग्यवती म्हणाली, ‘‘हें तर आपलें लोणारच!’’ लोणार उल्केच्या आघातानें झालें, हें ज्वालामुखीचें मुख. आणि लोणार कितीतरी मोठें. तरी तिला घरची आठवण झाली, तेव्हां मीं वाद घातला नाहीं.

जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. 1960 च्या फेब्रुवारींतील ‘कॅरोल’ वादळानें सहस्रावधि घरें जमीनदोस्त केलीं. त्यानंतर सिमेंटकाँक्रीटचीं घरें बांधण्याकडे लोक वळले. 15 जानेवारी 2024 रोजीं, म्हणजे संक्रांतीच्याच दिवशीं, ‘बेलाल’ वादळाच्या पुरांत पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. वादळाची सूचना एक ते चार अशा पायऱ्यांनीं देतात. तिसरी सूचना मिळाली कीं घराबाहेर पडूं नये. संक्रांतीस या, असें मुलगा कितीहि प्रेमानें लिहो, वडीलधाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

जाण्यास उत्तम काळ सप्टेंबर ते नोव्हेंबर. थंडी ओसरलेली, पाऊस कमी, आणि भाद्रपद असला तर गणेशोत्सव पाहावयास मिळतो. त्या दिवशीं तेथें सार्वजनिक सुटी असते. वाकवाच्या परिसरांत व पश्चिमेकडे मराठी घरें बरींच आहेत. घरांत बहुधा क्रेओल बोलतात, परंतु मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत मराठी शिकविली जाते, आणि गणपतीपुढें झाकडी नाचतात. एका आजीबाईंनीं आमच्या हातावर मोदक ठेवून क्रेओलमध्यें कांहीं विचारलें. नातीनें अर्थ सांगितला : तुमच्या गांवीं पाऊस झाला का?

त्या वर्षीं डोणगांवीं पाऊस उशिरां आला होता. तसें मीं त्यांस सांगितलें, आणि नातीनें तें त्यांच्या कानांत सांगितल्यावर आजीबाई हळहळल्या.