सातासमुद्रापलीकडचा भागवतर

कॉलेजच्या गॅदरिंगमधला एक प्रसंग. पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी अभंग म्हणायला उभी राहिली. घरची भाषा कन्नड, शाळा कन्नड माध्यमाची. पण आजीबरोबर वारकऱ्यांच्या भजनाला बसून अभंगाची गोडी लागलेली. सूर पक्का, ठेका नेमका. गाता गाता 'माझा' हा शब्द आला आणि त्यातला 'झ' तिनं 'झेंड्या'तल्या 'झ'सारखा म्हटला. मागच्या बाकांवरून हशा आला. पोरीनं अभंग पुरा केला, पण दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, "मॅडम, पुढच्या वेळी माझं नाव घालू नका."

तिची समजूत काढताना मला एका अमेरिकन माणसाची आठवण झाली. त्याचं नाव जॉन हिगिन्स.

१९३९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी त्यांचा जन्म झाला. वेस्लियन विद्यापीठात संगीत आणि इतिहास शिकत असताना कर्नाटक संगीत त्यांच्या कानांवर पडलं आणि त्याचा ध्यासच लागला. तिथं मृदंग शिकवायला टी. रंगनाथन आले होते. त्यांचे धाकटे बंधू टी. विश्वनाथन हे मद्रासला नावाजलेले बासरीवादक. दोघांची थोरली बहीण म्हणजे भरतनाट्यमच्या थोर नर्तकी बालसरस्वती आणि आजी वीणा धनम्माळ. १९६४ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन हिगिन्स मद्रासला आले, ते विश्वनाथन यांच्यापुढं शिष्य म्हणून बसायला.

आणि काही महिन्यांतच हा पंचविशीचा गोरा तरुण तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेत गायला!

पौष वद्य पंचमी

तिरुवैयारू हे तंजावरजवळचं कावेरीकाठचं गाव. संत त्यागराज (१७६७ ते १८४७) इथं राहिले आणि इथंच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या पुण्यतिथीला, पौष वद्य पंचमीला, समाधीपुढं मोठा उत्सव भरतो. सकाळी नामवंत आणि अनामिक, शेकडो गायक-वादक मांडी ठोकून बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांतल्या पाच 'पंचरत्न' कृती एका सुरात गातात. नंतर एकेकाला थोडा थोडा वेळ मिळतो. इथं मानधन नाही, बिदागी नाही. ज्याची मैफल हजारोंनी गर्दी खेचते, तोही इथं सेवा रुजू करायला येतो. आपल्याकडं दिंडीत टाळ घेऊन उभं राहण्यासारखंच हे.

अशा ठिकाणी परदेशी माणसानं गाणं ही साधी गोष्ट नव्हती. समोर कान तयार असलेले श्रोते. शब्द तेलुगू, ऐकणारे बहुतेक तमिळ, गाणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी. पण हिगिन्स यांचं गाणं रसिकांनी उचलून धरलं. त्यांच्या शब्दोच्चारांचं तर जाणकारांनाही नवल वाटे. पुढं लोक त्यांना 'हिगिन्स भागवतर' म्हणू लागले. दक्षिणेत 'भागवतर' ही बिरुदावली आदरानं लागते, ती कुणालाही उठून देत नाहीत.

उत्सव कुणाचा?

या उत्सवाकडं नीट पाहिलं, तर तो कुठल्याच एका भाषेचा नाही. त्यागराज तमिळ मुलखात राहिले, पण रचना केल्या मुख्यतः तेलुगूत आणि काही संस्कृतात. त्यांच्या काळी तंजावरच्या गादीवर मराठी भोसले राजे होते; शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचे हे वंशज. सरफोजी राजांच्या दरबाराचं बोलावणं त्यागराजांनी नाकारलं, अशी आख्यायिका आहे. त्याच तंजावरात मराठी कीर्तन रुजलं आणि त्यातून तिकडच्या हरिकथेला नवं रूप मिळालं. साकी, दिंडी, ओवी ही आपली नावं तिकडच्या हरिकथाकारांच्या तोंडी आजही आहेत.

आणि ज्या समाधीपुढं हा उत्सव भरतो, ती बांधली कुणी? एका कन्नड बाईनं! म्हैसूरजवळच्या नंजनगूडला १८७८ साली जन्मलेल्या बंगळूर नागरत्नम्मा. देवदासी कुळातल्या या गायिकेनं पडीक झालेल्या समाधीसाठी जागा मिळवली आणि १९२० नंतरच्या दशकात स्वतःची कमाई घालून मंदिर उभारलं. तरीही उत्सव करणारे बायकांना समाधीपुढं गाऊ देत नव्हते. तेव्हा त्यांनी बायकांचा वेगळा गट उभा केला आणि समाधीच्या मागच्या बाजूला गाणं सुरू केलं. १९४० च्या सुमारास सगळे गट एक झाले. आज बाया-पुरुष समोरासमोर बसून गातात, त्यामागं या बाईची जिद्द आहे. १९५२ मध्ये त्या गेल्या. त्यांची समाधीही तिथंच, त्यागराजांकडं तोंड करून आहे.

हिगिन्स यांच्याबद्दल उडुपीचीही एक गोष्ट सांगतात. कृष्णमठात परदेशी म्हणून त्यांना आत सोडलं नाही. त्यांनी बाहेर उभं राहून व्यासरायांचं 'कृष्णा नी बेगने बारो' म्हटलं आणि मग आतून बोलावणं आलं. खरं-खोटं कृष्णच जाणे! पण कनकदासांच्या खिडकीची कथा घरोघरी ठाऊक असलेल्या आपल्या मुलखाला ती पटते.

हिगिन्स यांनी पुढं टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात त्रिची शंकरन यांच्यासह भारतीय संगीताचा अभ्यासक्रम सुरू केला, बालसरस्वतींच्या नृत्यसंगीतावर संशोधन केलं आणि १९७८ मध्ये वेस्लियनला परतले. ७ डिसेंबर १९८४ रोजी एका वाहनानं त्यांना धडक दिली आणि चालक पळून गेला. ते अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते.

आपल्याला हे नवीन का वाटावं? गदगचे भीमसेन जोशी मराठी अभंग घरोघरी पोचवतात, सुळेभावीचे कुमार गंधर्व देवासला राहून माळव्याची लोकगीतं गातात. त्यांचं गाणं ऐकताना मातृभाषा कोणती, हे आपण कधी विचारतो का? मग आपल्याच वर्गातल्या पोरीच्या एका 'झ'ला हसू का यावं?

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं आणि हिगिन्स यांच्या गाण्याची सीडी दिली. आठवड्यानं ती परत आली. सीडी टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, 'चंद्रा'तला च आणि 'चांदण्या'तला च वेगळा कसा म्हणायचा, ते जरा शिकवा ना."

पुढच्या गॅदरिंगच्या यादीत तिचं नाव मी पहिलं लिहिलं.