१८१ अर्जांत एकही मुलगी नाही

२००६ साली ‘जीनोम’च्या मंडळींनी आलेले अर्ज मोजले. जीनोम म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्या, मेनू, चिन्हं उभी करणारं मुक्त सॉफ्टवेअर. जगभरातले हौशी आणि व्यावसायिक प्रोग्रॅमर मिळून ते घडवतात. गूगलच्या ‘समर ऑफ कोड’ योजनेत तेव्हा विद्यार्थ्यांना अशा प्रकल्पांवर उन्हाळाभर काम करायला मिळायचं आणि त्याचे पैसेही मिळायचे. त्या वर्षी जीनोमकडे १८१ अर्ज आले होते. त्यात एकही मुलीचा नव्हता.

मग जीनोमच्याच हॅना वॉलक आणि ख्रिस बॉल यांच्या पुढाकाराने खास मुलींसाठी तशीच एक योजना जाहीर झाली. जागा होत्या तीन, अर्ज आले शंभराच्या वर. अखेर सहा जणींना घेण्यात आलं.

‘मुलींना यात रसच नसतो’ हे वाक्य या वर्तुळात इतक्यांदा ऐकू येतं, की या दोन आकड्यांपाशी थांबायलाच हवं. वर्ष एकच, प्रकल्पही एकच. मुली होत्या आणि त्यांना काम करायचंही होतं. पहिलं आमंत्रण आपल्यासाठी आहे असं मात्र त्यांच्यातल्या एकीलाही वाटलं नव्हतं.

युरोपीय आयोगाच्या पैशातून झालेल्या ‘फ्लॉसपोल्स’ या अभ्यासाचा अहवाल त्याच वर्षी आला. पगारी सॉफ्टवेअर उद्योगात बायकांचं प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास होतं, तर मुक्त सॉफ्टवेअरच्या समूहांत जेमतेम दीड टक्का. म्हणजे प्रश्न काम येण्या-न येण्याचा नव्हताच. दिवसा नोकरीत जे काम बायका करत होत्या, तेच काम हौसेने जिथे चाले तिथे त्या दिसत नव्हत्या. आपल्याकडेही हे चित्र ओळखीचं आहे. पुण्या-मुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत कॉम्प्युटरच्या वर्गात मुली भरपूर असतात, आयटी कंपन्यांतही असतात; शनिवारी संध्याकाळी लिनक्सवाल्यांच्या किंवा सर्किट जोडणाऱ्यांच्या बैठकीत मात्र दोन-तीनच. वसतिगृहाचं फाटक मुलींसाठी लवकर बंद होतं. लग्न झालेलीला सुट्टीचा दिवस घरासाठी राखून ठेवावा लागतो.

पण सगळा दोष घरावर टाकून मोकळं होता येणार नाही. छंदाला रिकामा वेळ लागतो, हाताशी स्वतःचं यंत्र लागतं आणि चुकण्याची मुभा लागते. ही मुभा देणं पूर्णपणे त्या समूहाच्या हातात असतं, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. मुलगा चुकीचा प्रश्न विचारतो तेव्हा तो नवखा ठरतो. मुलगी तोच प्रश्न विचारते तेव्हा सगळ्या मुलींची परीक्षा झाल्यासारखं होतं. तिला शिकाऊ राहण्याची सवलतच नसते, आणि शिकाऊ राहिल्याशिवाय कुणी तरबेज होत नाही.

व्हॅल हेन्सन या लिनक्स प्रोग्रॅमर बाईंनी २००२ साली लिनक्सच्या जगात बायकांना प्रोत्साहन कसं द्यावं, यावर एक मार्गदर्शिका लिहिली. बायकांना हिणवणारे विनोद करू नका, भेटलेल्या प्रत्येकीच्या मागे लागू नका, हे त्यात आहेच. मला महत्त्वाची वाटते ती त्यातली एक साधी सूचना: तिच्या हातून कीबोर्ड काढून घेऊ नका. कॉलेजच्या लॅबमध्ये हे कुणी पाहिलं नसेल? ती अडते, शेजारचा ‘थांब, मी करून देतो’ म्हणतो आणि खुर्ची पुढे ओढतो. हेतू मदतीचाच असतो. काम दोन मिनिटांत होतं, पण तिच्या बोटांखालून काहीच जात नाही. असं वर्षभर चाललं, की त्याचा हात बसलेला असतो आणि ती नुसती बघतच राहते.

या वागण्याची झळ किती, हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. फ्लॉसपोल्सच्या पाहणीत सुमारे ८० टक्के बायकांनी भेदभाव अनुभवास आल्याचं सांगितलं. जवळपास तितक्याच पुरुषांना तो कधी जाणवलाच नव्हता.

पुढे अमेरिकेतल्या संशोधकांनी गिटहब या संकेतस्थळावर लोकांनी दुसऱ्यांच्या प्रकल्पांना देऊ केलेला कोड तपासला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बायकांचा कोड स्वीकारला जाण्याचं प्रमाण ७८.६ टक्के निघालं, पुरुषांचं ७४.६. पण प्रकल्पाला अनोळखी असलेल्या बायकांपुरतं पाहिलं तर चित्र पालटतं. नाव-फोटोवरून बाई असल्याचं कळत नव्हतं तिथे ७१.८ टक्के, कळत होतं तिथे ६२.५. ओळख उघड झाल्यावर पुरुषांचंही प्रमाण घसरलं, पण इतकं नाही.

हे चित्र बदलता मात्र येतं. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या चाहत्यांचं ‘पायकॉन’ हे अमेरिकेतलं संमेलन २०११ मध्ये असंच पुरुषांचं होतं. त्यातल्या भाषणांपैकी बायकांची होती १ टक्का. २०१४ मध्ये ती ३३ टक्क्यांवर गेली, २०१६ मध्ये ४० वर. प्रोग्रॅमर जेसिका मॅकेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी केलेलं काम कष्टाचं होतं, अवघड नव्हतं. वागणुकीचे नियम लेखी झाले. ‘पायलेडीज’सारख्या गटांनी नवख्या मुलींना हात दिला. आणि संयोजकांनी एकेका बाईला स्वतः लिहून विचारलं, की यंदा तुम्ही बोलाल का? आपल्याकडे अशी संमेलनं भरवणाऱ्यांनी वक्त्यांची पुढची यादी पक्की करण्याआधी अशी दहा पत्रं तरी लिहावीत.