सिस्टरचा इफ्तार

घाटात अपघात झाला, की लोणावळा, कामशेत, तळेगावच्या रुग्णालयांत सिस्टरची धावपळ सुरू होते. अशा वेळी मगरिबची अजान झाली, तरी रोजेदार सिस्टरचा खजूर खिशातच राहतो. जोडीची सिस्टर म्हणते, "तू पाणी पी, पेशंट मी बघते." पण जोडीला कुणी नसेलच तर?

साध्या वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका, हा सरकारी निकष. २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने छोट्या खासगी रुग्णालयांतही किमान २०,००० रुपये पगार सुचवला. थकलेल्या हातून औषध चुकले, तर भोगतो रुग्णच.

मदिनेत तंबू टाकून जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा इस्लाममधील पहिल्या परिचारिका मानल्या जातात. त्यांचे नाव आदराने घेताना आपल्या गावच्या सिस्टरच्या पगाराची आणि ड्यूटीचीही चौकशी व्हावी.